तुह्यामांगं कोन म्हनन?

डोणगावच्या माझ्या भजनी गड्यांनो, आणि माझ्यासारखंच गाव सोडून गेलेल्यांनो,

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मेहकरच्या स्टँडवर एसटी उभी होती. माझ्या वळकटीवर बांधलेली खंजिरी पाहून बाबा म्हणाले, "कारखान्यात चालला ना पुन्याले? हे कायले नेऊन राह्यला? तिथं तुह्यामांगं कोन म्हनन?" आई मध्येच बोलली, "नेऊ द्या. तापवत जाय रे तिले. थंड पडली का बोलत नाही थे."

आपल्या भजनात नुसतं ऐकायला कुणी बसतच नसे. गाणाऱ्यानं ओळ सोडली की सगळ्यांनी ती मागं म्हणायची, तोवर तो पुढं जात नसे. पुण्यात लोक माना डोलवत गप्प ऐकायचे. आमच्या कामगार चाळीतल्या मंडळाचे प्रमुख नाना. त्यांनी माझ्या हाती टाळ दिले. "ती डफली गावाकडं ठीक," म्हणाले. मीही 'मले-तुले' गिळून 'मला-तुला' शिकलो. पण खुंटीवरच्या खंजिरीकडं पाहिलं की जीव जळायचा.

एका गणपतीत मृदंगवाल्याची कारखान्यातली पाळी बदलली आणि तो आलाच नाही. नाना नाइलाजानं म्हणाले, "काढा तुमची ती." पावसाळी हवेनं चामडं सैल पडलेलं, थाप मारली तर फुटक्या मडक्यासारखा आवाज. शेजारच्या सुमनकाकूंची शेगडी आणली आणि सगळ्यांदेखत खंजिरी तापवत बसलो. "भजन आहे की भाकरी?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. हसा लेको, मी मनात म्हटलं. चामडं ताणलं, थाप दिली आणि मांडव दणाणला.

ओळ सोडून सवयीनं थांबलो. मांडव गप्प. पुन्हा म्हटली, तरी गप्प. रंगाच्या भरात तोंडातून निघूनच गेलं, "म्हना ना बे! तोंड काऊन शिवलं?"

समोर बसले होते नाना. त्यांना बे! मी जीभ चावली. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं सुमनकाकूंनी ओळ खणखणीत उचलली. मग साऱ्या चाळीनं, आणि शेवटी हसत हसत नानांनीही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी राजा होतो! माझे टाळ दुसऱ्याकडं गेले ते कायमचे.

आता चाळीतली पोरं सांगावं न लागता खंजिरी तापवतात, 'म्हना ना बे' माझ्याच थाटात म्हणतात. घर कुठलं, डोणगाव की पुणं, असं कुणी विचारलं की मी त्या 'बे'च्या पुढल्या वर्षीच्या गणपतीची गोष्ट सांगतो.

बाबा आले होते. मांडवात मागं, खांबाला टेकून बसले. मी ओळ सोडली आणि थांबलो. साऱ्या चाळीच्या आधी त्यांचा आवाज आला. मी थाप चुकू दिली नाही. भजन संपल्यावर त्यांनी खंजिरी हातात घेतली, चामड्यावर तळवा ठेवला आणि म्हणाले,

"तुह्या मायले सांगतो. गरम हाय."