कॅमेऱ्यात सापडलेलं घड्याळ

आधी माझ्या मूर्खपणाची कबुली देते, मग पुढचं सांगते. नाहीतर म्हणाल, म्हातारी भोळी आहे, हिला काहीही दिसतं.

मी चोवीस वर्षांची होते. नवीन लग्न, देवळाली कॅम्पात भाड्याच्या दोन खोल्या. लग्नात मिळालेलं मनगटी घड्याळ मी डायल आतल्या बाजूला करून घालायचे, म्हणजे वेळ बघताना हात ऐटीत वळवावा लागतो आणि चार बायकांचं लक्ष जातं. पट्टा तुटला होता तो काळ्या दोऱ्याने शिवलेला, पण तोरा केवढा! तर एक दिवस बाजारातून टांग्याने घरी आले आणि पाहते तो घड्याळ नाही. मी सरळ टांगेवाल्यावर आळ घेतला. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, यानेच काढलं," असं भर रस्त्यात सांगितलं. पाहिलं काहीच नव्हतं. पण माणसं जमली होती, मग माघार कोण घेणार... स्टँडवरच्यांनी त्याला तिथे टांगा लावू देणं बंद केलं.

आठ दिवसांनी घड्याळ गव्हाच्या डब्यात सापडलं.

या शहाणीने काय करावं? त्याला शोधून माफी मागावी? छे. दारणा नदीच्या पुलावर गेली आणि घड्याळ पाण्यात सोडून दिलं. नवऱ्यालाही बोलले नाही. आज पहिल्यांदाच लिहितेय.

आता मूळ गोष्ट. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अंगात आलेल्या एका बाईला मी गर्दीत हळूच चिमटा काढून पाहिलाय — चांगली माणसासारखी कळवळली ती.

आम्ही आता इंदिरानगरला राहतो. आमच्या रस्त्यावर स्पीड कॅमेरा बसला आणि कॉलनीत दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, बरं झालं, पोरं विमानं उडवत होती. दुसरी म्हणे, वेगमर्यादेची पाटी फ्लेक्सच्या मागे आणि कॅमेरा वळणावर, हे काय रस्त्यावर लक्ष ठेवणं झालं? दुसऱ्या पार्टीची पुढारी अर्थात मी. एका बुधवारी सकाळी अकराला कॉलनीच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. पोलिसांकडून एक तरुण मॅडम समजवायला आल्या होत्या. मी चांगली वीस मिनिटं बोलले. "साक्षीदाराची उलटतपासणी तरी घेता येते, मॅडम. यंत्र खोटं बोललं तर त्याला कोण विचारणार?" टाळ्या पडल्या. मध्ये घसा कोरडा पडला, पाणी मागितलं, प्यायले, पुन्हा सुरू. एवढंच मला आठवतं.

आता रामदास. दर मंगळवारी तो मला रिक्षातून गुडघ्याच्या फिजिओकडे नेतो. मूळचा पेठकडचा, घरी भातशेती. त्याच्याइतकी हळू रिक्षा नाशकात कुणी चालवत नसेल. मी म्हणते, "रामदास, तो बघ, चालत निघालेला माणूस आपल्या पुढे गेला." तो म्हणतो, "जाऊ द्या, त्याचा गुडघा नवा हाय." त्याच्या सीटमागचा दांडा, आपण धरायला असतो ना, त्याचं रेक्झिन फाटलं होतं. मी माझ्या विरलेल्या येवल्याच्या पैठणीचा काठ त्यावर शिवून दिला. चष्मा न लावता शिवला, त्यामुळे काठावरचा पोपट उलटा बसला — पाय वर, चोच खाली. रामदास सगळ्या गिऱ्हाइकांना तो दाखवतो.

मीटिंगनंतरच्या शुक्रवारी सकाळी तो आमच्या पायरीवर येऊन बसला. चहाला हात लावेना.

"आजी, माझी रिक्षा जाती आता."

नाशिकरोडला त्याच बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला एका रिक्षाने भाजीवाल्या मावशींना उडवलं, पाय मोडला, आणि रिक्षा न थांबता पळाली. बघणाऱ्यांनी पूर्ण नंबर सांगितला. नंबर रामदासचा.

"मी तिथं नव्हतोच. त्या टायमाला हितं होतो, तुमच्या रस्त्याला. कॅमेऱ्यानं फोटो बी काढलाय, चलान आलंय."

"मग झालं की. तो फोटो दाखव."

"दाखवला. ते म्हनतात, एका नंबराच्या दोन रिक्षा फिरतात कधी कधी. एकीची पाटी खोटी असती. फोटोतली तुझीच कशावरून? चेहऱ्यावर तर काचेची चमक हाय. मागं कोन बसलं होतं त्याला आन."

"मग आण ना."

त्याने गार झालेला चहा बाजूला सारला. मग म्हणाला, "एक बाई होत्या. तरन्या. पाथर्डी फाट्याला बसल्या. बोलायला लय कडक... तुमच्यावानी. म्हनल्या, घे जोरात, मी बसलेय ना. मी म्हनलं, बाई, पुढं कॅमेरा हाय. तर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा म्हनल्या तवा घेतली जोरात. पुढं सिग्नलला मागं बघतो तर कुनी नाय. भाडं बुडवून उतरली, म्हनलं. आजी, हे मी कुनालाच नाय सांगितलं. बाई गायब झाली म्हनलो तर आनखी अडकीन."

खरं सांगते, मला त्याचाच संशय आला. ज्याची रिक्षा मुंगीच्या चालीने जाते तो नेमका कॅमेऱ्यासमोर जोरात जातो, आणि नेमका त्याच वेळी? सूनबाई म्हणाली, "आई, हल्ली मोबाईलवर कुठलाही फोटो बनवतात." पण चलान त्याला बुधवारी दुपारीच आलं होतं, आणि पोलीस त्याच्याकडे आले ते गुरुवारी. आधीच कसं बनवणार? तरी मनात किडा वळवळत होताच. म्हटलं, चल रामदास, स्वतः येऊन बघते.

पोलीस स्टेशनात त्याच मीटिंगवाल्या मॅडम. मला बघून हसल्या. "या आजी. आज यंत्राच्या बाजूने का विरुद्ध?"

त्यांनी कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला. बुधवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. पुढे चालकाच्या जागी नुसती चमक. मागच्या बाईचा चेहरा टपाच्या सावलीत. पण तिचा डावा हात उन्हात होता, दांड्यावर ठेवलेला, तळवा आमच्याकडे वळवलेला.

नितळ, तरुण हात. करंगळी बाहेर वाकलेली. माझी करंगळी लहानपणी दारात चेंगरली, ती आजही तशीच वाकडी आहे. आणि मनगटावर घड्याळ — डायल आतल्या बाजूला. पट्ट्यावर काळ्या दोऱ्याचे टाके. मी मोजले. पाच. मी पाचच घातले होते.

मॅडम विचारत होत्या, "ओळखता का यांना?"

हो म्हटलं असतं तर रामदास तिथल्या तिथे सुटला असता. पण अकरा वाजून दहा मिनिटांनी मी याच मॅडमसमोर हात नाचवत उभी होते, आणि रिक्षात मी होते हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. हे वाक्य एकदा फुकट वापरून झालंय माझं. रामदास दाराशी उभा होता, टोपी हातात घेऊन. मला तो दुसराच माणूस वाटायला लागला, चाबूक हातात घेतलेला. त्याचं नावही मला माहीत नाही.

मग लक्षात आलं, त्या हाताची तर्जनी सरळ आहे. दांडा धरलाय, पण एक बोट मोकळं. कशावर तरी टेकवलेलं.

"मॅडम, हे बोट आहे तिथे आणखी मोठं करा."

पैठणीचा काठ. पोपट. पाय वर, चोच खाली.

"बाई कोण ते मला सांगता येणार नाही," मी म्हणाले, "पण हा काठ मी शिवलाय. असला उलटा पोपट दुसऱ्या कुठल्या रिक्षात असेल तर मला दाखवा. बाहेर याची रिक्षा उभी आहे, लावून बघा. आणि उरलेला काठ घरी आहे, तोही आणते."

त्यांनी दोन्ही लावून बघितलं. माझी जबानी लिहून घेतली. पंधरवड्याने खोट्या पाटीची ती दुसरी रिक्षा सापडली. भाजीवाल्या मावशी आता काठी घेऊन चालतात. रामदास पुन्हा पूर्वीसारखाच रखडत चालवतो.

त्याचे वडील, आजोबा कधी कॅम्पात टांगा हाकायचे का, हेही मी खोदून विचारलं. नाही. त्याच्या घरात घोडा कुणी पाळलाच नाही. म्हणजे तोही धागा तुटला. कॅमेऱ्याला माझा विरोध अजून आहे, ती पाटी अजून फ्लेक्समागेच आहे. फक्त कॅमेरा हटवा म्हणून लिहिलेल्या अर्जातलं "यंत्र खोटं बोलतं" हे वाक्य मी खोडलं. तो हात कुणाचा, हे मला सांगता येत नाही. माझा म्हणावा, तर मी हॉलमध्ये. दुसरीचा म्हणावा, तर घड्याळ दारणेत.

केस मिटल्यावर शेवटची सही करायला गेले, तेव्हा मॅडम फाटकापर्यंत सोडायला आल्या. रामदासला ती बाई काय म्हणाली होती, ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यानेही नाही. रिक्षात मला हात देऊन बसवताना त्या म्हणाल्या:

"आजी, एक विचारायचं राहिलं. त्या मीटिंगमध्ये तुम्ही पाणी मागितलंत ना, तेव्हा ग्लास हातात घेऊन कुठेतरी लांब बघत तीनदा म्हणालात, ‘घे जोरात, मी बसलेय ना.’ मला वाटलं मलाच टोमणा मारताय, म्हणून मी हसले. कुणाला म्हणत होतात?"