एकशेवीस कोटी बिया

खुशालरावांच्या पोरीला, आरतीला, बागेतल्या बाईनं धरलं, अशी बातमी गेल्या उन्हाळ्यात शेंदूरजनाघाटात फिरली. भरदुपारी पोरगी संत्र्याखाली डोळे मिटून उभी राहते आणि कोणत्या मुलखाची कोण जाणे, अशी भाषा बडबडते. शेजारच्या माणिकबाईनं तर दोन आवाज ऐकले. तिचा एक कान अधू आहे, पण अशा वेळी दुसरा चौघांचं काम करतो.

आता आरतीचं ऐका. अमरावतीत राहून ती स्पॅनिश शिकली. अकोल्याच्या एका बियाणे कंपनीनं अर्जेंटिनाच्या व्यापाऱ्याशी बोलायला तिला दुभाषी म्हणून घेऊन पाहिलं. घरबसल्या, कॉम्प्युटरवरून. कंपनीचे धर्मेंद्र साहेब म्हणाले, "सांगा त्याइले, आमी वर्षाले एकशेवीस कोटी बिया भरतो." आरतीनं मनात त्याचं इंग्रजी बिलियन केलं, शंभर कोटींचा एक, आणि तेच 'बिल्योन' म्हणून पुढं सरकवलं. स्पॅनिश माणसाचं बिल्योन म्हणजे लाख कोटी. व्यापाऱ्यानं समोर शून्यांची आगगाडी लिहून दाखवली अन् पोट धरून हसला.

"मॅडम, मंगळवारी अजून एक डाव," धर्मेंद्र म्हणाले. "मंग मी दुसरं कोणी पायतो."

घरातही तेच. नोकरी लागली तर ठीक, नाही तर धामणगावचं स्थळ, असं खुशालरावांचं ठरलेलं. पाहुणे रविवारीच सुपारी फोडायला येणार होते. म्हणजे मंगळवार उजाडायच्या आत सगळं संपलं असतं.

पोरगी अन्नाला शिवेना. बागेत उभी राहून घोकायची: शंभर कोटी म्हणजे मिल मिल्योनेस, हजार वेळा दहा लाख. एकशेवीस कोटी म्हणजे मिल दोसिएन्तोस मिल्योनेस. बाईची बातमी धामणगावला पोचली, तसा पाहुण्यांचा निरोप आला की पत्रिका जुळत नाही. बातमी पत्रिकेपेक्षा जोरात पळाली, एवढंच.

मंगळवारी बोलणी सुरू झाली. धर्मेंद्रनी मुद्दाम तोच आकडा टाकला. आरतीनं डोळे मिटले. "मिल दोसिएन्तोस..."

तेवढ्यात दार उघडून तिची आई पार्वताबाई आत शिरली. हातात धुपाटणं, निखाऱ्यांवर मूठभर लाल मिरच्या.

"सोड माह्या पोरीले. कुठची हायेस तू?"

"आई, मले बोलू दे वं."

"हे तू नाही बोलून राहिली. ते बाई बोलून राहिली."

खोलीभर ठसका उठला. 'मिल्योनेस' घशातच अडकलं. व्यापाऱ्यानं ऐकलं तेवढंच लिहून पाठवलं: १२००?

"मॅडम," धर्मेंद्र म्हणाले, "मांगच्या वेळी लाख कोटी, आज बाराशे. एवढ्या बिया तं माह्या खिशात मावतात. राहू द्या आता."

आरती कॉम्प्युटरच्या पडद्याला धरून बोलत राहिली, खोकत, रडत, बरोबर आकडा पुन्हा पुन्हा. पलीकडे कोणी नव्हतं. पार्वताबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जाऊन राहिली बाई. रडू दे, निघून जाते."

बागेत बाई-बिई कोणी नव्हती. ती गोष्ट आरतीनंच माणिकबाईच्या कानात घातली होती, धामणगावचं स्थळ मोडावं म्हणून.