पंचांनी लिहून दिलेलं पाप

चर्चमध्ये भाकरीचं ताट माझ्या बाकापर्यंत आलं. मी हात पुढे केला. पंचांनी ताट उचललं आणि माझ्या डोक्यावरून मागच्या बाईला दिलं. अख्ख्या मंडळीसमोर. सात वर्षांची लेक शेजारी बसलेली. तिने विचारलं, "आई, तुला का नाय?"

मी तिला गीतांचं पुस्तक उघडून दिलं.

रत्नागिरीतल्या आमच्या लहानशा चर्चची रीत आहे. कुणाच्या हातून पाप झालं की मंडळीचा कारभार बघणारे पंच त्याची सहभागिता बंद करतात. म्हणजे येशूच्या आठवणीत घेतात त्या प्रभुभोजनातली भाकर नाही, प्याला नाही. मग काही महिन्यांनी पुढे उभं राहून कबुली वाचायची, की परत चालू. माझं पाप काय, तर नवरा सोडला. जयगडला बंदरात कामाला होता. पिऊन यायचा, मारायचा. एकदा कानातून रक्त आलं तेव्हा लेकीला उचललं आणि रत्नागिरीत खोली घेतली. मासळी साफ करायच्या शेडमध्ये लागले. नवरा मात्र दर खेपेला जयगडहून यायचा, पुढच्या बाकावर बसून भाकर घ्यायचा. त्याच्याविरुद्ध म्हणे लेखी तक्रार नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी.

सहा महिने असे गेले. मग पंच स्वतः खोलीवर आले. माणूस मोठा आंबा बागायतदार. चर्चचं छप्पर त्यांनी घातलेलं, त्यामुळे उपदेश करणारे पाळकही त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. कबुली लिहूनच आणली होती. म्हणाले, "बाय, आपण सगळेच पापी. वाच नि मोकळी हो. दोन मिनिटांचं काम."

मला ती भाकर हवी होती. खोटं कशाला बोलू? माझ्यासारखीलाही कुणी बोलावून जेवायला बसवतं, असं मला तिथेच वाटायचं. म्हणून कागद घेतला. रविवारी पुढे जाऊन उभी राहिले.

"मी पतीच्या अधीन राहिले नाही. मी घर मोडलं. मंडळीने मला क्षमा करावी." एवढंच लिहिलेलं. पहिला शब्द वाचला आणि थांबले. पापी तर मी आहेच. पण हे माझं पाप नव्हतं. माझं मला ठाऊक होतं, आणि ते कुणी विचारलंच नव्हतं.

कागद खाली केला. म्हटलं, "गेल्या महिन्यात मी लेकीला उलथन्याने मारलं. भात सांडला म्हणून. हात सुजला तिचा. शाळेत बाईंना सांगितलं, पडली. मी नवऱ्यासारखीच वागले. देवा, मला क्षमा कर."

पंच खुर्चीतून अर्धे उठले. "ते घरातलं झालं. इथे नको. कागदावरचं वाच."

घरातलं! मी खाल्लेला मारही घरातलाच होता, म्हणून यांना कधी दिसला नाही. बायकोला मारलं ते पाप नाही. पोरीला मारलं तेही नाही. मार चुकवून पळाली ते पाप. माझं डोकं फिरलं. कागद त्यांच्या हातात दिला. "हे तुमचं लिहिलेलं. तुम्हीच वाचा."

त्या रविवारीही भाकर मिळाली नाही. कृपा फुकट असते, कमवावी लागत नाही, असं पाळक दर आठवड्याला सांगतात. मग तिला पंचांची परवानगी कशाला लागते?

घरी येऊन लेकीसमोर बसले. म्हटलं, "माझं चुकलं गो." ती ताटातला भात चिवडत राहिली. माफ करायचं की नाही ते तिने ठरवायचं, मी घाई करणार नाही. तिच्यावर परत हात उचलणार नाही. नवऱ्याच्या घरात पाय ठेवणार नाही. आणि चर्च सोडणार नाही. पंचांना मला बाहेर काढायचं असेल, तर आधी नवऱ्याला माझ्या शेजारी उभं करावं आणि दोघांना सगळ्यांसमोर विचारावं. माझं मी सांगितलंय.