तीन शिट्ट्या मोजणारा मुकुंद

माझा मित्र मुकुंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसात एका मॅनेजरला त्याची चूक समजावून सांगत होतो. पलीकडून शैलावहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे गेले हो... चहा टाकतो म्हणाले, आणि..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. मॅनेजरनं विचारलं, काही वाईट बातमी? मी म्हटलं, नाही, काहीतरी चूक झालीय. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यावर माझं पोट चालतं, त्यामुळे मला तेवढंच सुचतं. पाच आठवडे झाले, ही चूक काही दुरुस्त होत नाही.

ब्रॅकनेलमध्ये मुकुंदच्या दारात आलेला माणूस उपाशी परत गेला, असं कधी झालं नाही. बॉयलर दुरुस्त करायला आलेला गोरा वरणभात खाऊन गेला. कौन्सिलचा माणूस झाडाच्या फांद्यांबद्दल नोटीस द्यायला आला, तो थालीपीठ खाऊन, नोटीस तिथेच विसरून गेला. ग्रेसताईही अशाच आल्या. मूळच्या झिंबाब्वेच्या, तिकडे शिक्षिका होत्या आणि इथे वहिनींबरोबर केअर होममध्ये काम करायच्या. काही वर्षांपूर्वी एकदा वहिनींना सोडायला म्हणून आल्या आणि तीन तास बसल्या. त्या दिवशी त्या पहिला मराठी शब्द शिकल्या, "बास". मुकुंदनं तो जन्मात कधी मानला नाही.

जेवता जेवता त्यांनी भावाची गोष्ट काढली. भाऊ आंधळा, हरारेत शाळेत मास्तर. त्याचा कॉम्प्युटर त्याला इंग्रजी वाचून दाखवायचा, पण त्यांच्या शोना भाषेतलं काही दिलं की त्या मशीनची पार बोबडी वळायची. मुलांचे निबंध दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावे लागत, आणि असंच चाललं तर घरी बसा, असं हेडमास्तरांनी सांगून टाकलं होतं. इथल्या एका युनिव्हर्सिटीतले आणि हरारेतले संशोधक मिळून शोना वाचणारा प्रोग्रॅम तयार करत होते. त्यासाठी एकाच माणसाच्या आवाजात दीडेक हजार वाक्यं हवी होती. आवाज ग्रेसताईंचा ठरला होता. नव्हती ती शांत खोली.

"शांत खोली? आमच्याकडे या की!" मुकुंद म्हणाला. "आणि रेकॉर्डिंग हा अविनाश करेल. रिकामाच असतो." मी रिकामा नव्हतो. पण हातात श्रीखंडाची वाटी असताना नाही कसं म्हणणार?

मग दर शनिवारी ट्रेननं मेडनहेडच्या माझ्या घरून ब्रॅकनेल. वरच्या अडगळीच्या खोलीच्या भिंतींना मुकुंदच्या सासूबाईंनी शिवलेल्या गोधड्या टांगल्या. आत मायक्रोफोनसमोर ग्रेसताई, कानाला हेडफोन लावून मी, आणि दारात मुकुंद. त्याला काम काही नव्हतं, पण जागा सोडेल तर शपथ. चार महिन्यांत सगळी वाक्यं झाली. सीडी पोस्टानं पाठवल्या, पेढे वाटले. आठवड्यानं ईमेल आला. आवाज उत्तम आहे, पण तुमचं घर वाफेच्या इंजिनाच्या रेल्वेलाइनला लागून आहे का?

माझं डोकंच फिरलं. चुका काढणाऱ्याच्या चुका काढता? तावातावानं सीडी लावली. ग्रेसताईंचं सुंदर, संथ वाक्य सुरू झालं आणि मधेच... कुकरची शिट्टी! पाठोपाठ मुकुंदचा खणखणीत आवाज, "शैला, एक झाली!" पुढच्या फाइलमध्ये, "शैला, दोन!" वहिनी खाली कुकरपाशीच उभ्या असायच्या, पण शिट्ट्या मोजायचा मान याचा. चार महिने आम्ही दोघं तिथे होतो, मी तर हेडफोन लावून, आणि एकालाही ती शिट्टी खटकली नाही. आपल्या कानाला तो आवाजच वाटत नाही. ग्रेसताईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला दर वेळी ऐकू यायची. वाटलं, तुमच्यात असंच करतात."

मी मुकुंदवर तोंड सोडलं. "अरे, तुझ्या त्या वरणभातापायी त्या बिचाऱ्या मास्तराची नोकरी जाईल! एक दिवस पाहुण्याला नाही जेवू घातलंस तर काय आभाळ कोसळेल?" तो उठला, कुकर उचलला आणि गाडीच्या डिकीत नेऊन ठेवला. दीड महिना तो कुकर त्याच्याबरोबर ऑफिसला जात-येत होता. पाहुणीला सँडविच द्यायचं म्हणून हा मान खाली घालून बशी पुढे करायचा. शेवटी ग्रेसताईंनाच त्याची दया आली. त्यांनी घरून त्यांचा साद्झा आणला, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. मुकुंदनं घास घेतला मात्र, ओरडला, "अरे, ही तर आपली उकड! शैला, ताक आण!" तेही वाक्य रेकॉर्ड झालं.

खराब झालेली वाक्यं पुन्हा वाचून घेतली. उरलेल्यांमधून मी शिट्ट्या आणि मुकुंद, दोन्ही कापून काढले आणि रागारागानं "कचरा" नावाच्या फोल्डरमध्ये टाकले. डिलीट नाही केले. सवय, दुसरं काय. प्रोग्रॅम वेळेत झाला. हरारेहून भावाचा फोन आला, "ताई माझ्याशी इतका वेळ न रागावता आजवर कधीच बोलली नव्हती!" तो आजही शिकवतो आहे.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो होतो. ग्रेसताईही होत्या. वहिनी म्हणाल्या, "भावजी, यांचा आवाज कुठे असेल का हो? घरातले सगळे व्हिडिओ यांनीच काढलेत, आणि मूळ आवाज पुसून वर गाणी लावलीत. त्यात आम्ही सगळे आहोत, हे कुठेच नाहीत." मला एकदम कचरा आठवला. लाज वाटली, काय सांगू. ज्या माणसाला मी वाक्यावाक्यातून कापून काढलं, तो तेवढ्याच जागी शिल्लक होता.

लॅपटॉप उघडला. शिट्टी. "शैला, एक झाली!" आम्ही तिघंही हसलो. "शैला, दोन!" वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. तिसरी शिट्टी झाली आणि, "शैला, तीन! बंद कर, खिमट होईल त्याचं!" वहिनी ताडकन उठून स्वयंपाकघरात गेल्या. गॅसवर काहीच नव्हतं. बटणावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या... मला रडू आवरेना.

थोड्या वेळानं आतून नळाचा आवाज आला, मग तांदूळ धुतल्याचा. "भावजी, जेवल्याशिवाय जायचं नाही," वहिनी म्हणाल्या. पाच आठवड्यांत त्यांनी कुकर लावला नव्हता. आम्ही दोघं थांबलो. शिट्टी झाली. मोजणारा नव्हता.

तेव्हा ग्रेसताई खुर्चीतून किंचित उठल्या आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून खणखणीत आवाजात ओरडल्या, "शैला, एक झाली!"

तिसऱ्या शिट्टीला वहिनींनी गॅस बंद केला.