वरणाखालची चौथी वीट

चहा आधी पिऊन घ्या बरं, नाहीतर ठसका लागेल आणि नाव माझं होईल. शहाणपणा अंगाशी कसा येतो, ते मी भूमिती शिकून दाखवलंय!

माझी दहावी लग्नापायी राहिली होती. सून आली धुळ्याची, रूपाली. आमच्या धरणगावातच शाळेत गणित शिकवते. म्हणाली, आई, बाहेरून परीक्षेला बसा, मी शिकवते.

आणि काय शिकवते हो पोरगी! बिंदू म्हणजे काय विचारलं, तर मिसळणाच्या डब्यातली मोहरी उचलून म्हणाली, हीसुद्धा फार मोठी झाली, बिंदूला फक्त जागा असते. रेषेसाठी कपड्यांची दोरी दाखवली. ही भिंतीपाशी थांबते, खरी रेषा दोन्हीकडे चालतच राहते. मला तर ती भुसावळच्याही पुढे जाताना दिसायला लागली. मग दोन बिंदूंतून एक रेषा, आणि एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक प्रतल, म्हणजे सपाटी. झालं, मी स्वतःला पंडित समजायला लागले.

नेमके तेव्हाच तिचे आईवडील पहिल्यांदा आमच्या शेतात वरण-बट्टी खायला आले. विहीणबाईंचं वरण त्यांच्या साऱ्या गोतात नावाजलेलं. माझं त्यांना आवडावं म्हणून सकाळपासून माझ्या जिवाला घोर.

तीन विटांच्या चुलीवर मोठं पातेलं चढवलं. वरण रटरटायला लागलं, तशी माझ्या डोक्यात भूमितीही रटरटली. तीन बिंदूंवर सपाटी बसते, तर चारांवर किती पक्की बसेल? हसू नका, तुमच्याही डोक्यात हेच आलं असतं.

बांधावरची वीट आणली आणि पातेलं फडक्यानं जरा उचलून खाली सारली. रूपाली लांबून म्हणाली, "आई, राहू द्या."

मी म्हटलं, "अगं, तुझंच शिकवणं वापरतेय."

वीट बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच निघाली. पळी फिरवली मात्र, पातेलं डुललं आणि अख्खं वरण विस्तवावर! राखेचा असा लोट उठला की व्याही दिसेनासे झाले. आमचे हे शांतपणे म्हणाले, "बठ्ठं वरण गयं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण रूपालीनं मला एक शब्द लागू दिला नाही. तिच्या आईला म्हणाली, "तीन पायांवर भांडं कधी डुगडुगत नाही. चौथा घातला की चारही एकाच सपाटीत असावे लागतात. आईंनी ते करून तरी पाहिलं, माझ्या वर्गात नुसतं पाठ करतात."

बोलता बोलता तिनं बट्ट्यांच्या आरावर, त्या निखाऱ्यांवरच, शेतातली वांगी भाजून भरीतही केलं. पाहुणे बोटं चाटत जेवले. मी डोळे भरून तिच्याकडे बघत राहिले. असं माणूस घरात यायला नशीब लागतं.

पुढं त्यांनी आम्हाला धुळ्याला बोलावलं, तिथंही वरण-बट्टीच. विहीणबाईंनी मला मोठ्या मानानं खाटेवर बसवलं, पळीला हातही लावू दिला नाही. मी सहज इकडेतिकडे पाहिलं. अंगण लख्ख झाडलेलं, आणि चुलीच्या तीन सोडल्या तर अख्ख्या आवारात वीट औषधालासुद्धा ठेवली नव्हती.