श्रावणातली तारली

मला राग पटकन येतो आणि जायला फार वेळ घेतो. सान सेबास्तियानच्या सहलीला वर्ष होत आलं, तरी इथे सिंगापुरात बुकित बातोकला राहणारी माझी मैत्रीण दिसली की माझं डोकं तापतं. ती मात्र हसून विचारते, "काय गं, पुन्हा कधी जायचं स्पेनला?"

आम्ही तिघी. मी बिशानची, एक सेरंगूनची, एक बुकित बातोकची. मुलं रविवारच्या मराठी वर्गात एकत्र होती, तिथली ही मैत्री. बुकित बातोकवाली ही सेरंगूनवालीच्या नवऱ्याची चुलत बहीण. म्हणजे नातं नणंद-भावजयीचं, एक म्हणणार "वहिनी" आणि दुसरी म्हणणार "ताई". एरवी हे सगळं गमतीत चालायचं.

सेरंगूनवाली मूळची अलिबागकडची, मासे खाऊन वाढलेली. लग्न झालं पुण्यातल्या कट्टर शाकाहारी घरात. सिंगापूरच्या घरातही तिने कधी मासा शिजवला नाही, सासूबाईंना तसा शब्द दिला होता. पण इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांवर, ती मनसोक्त मासे खायची, आणि नवरा शेजारी बसून मुकाट्याने नूडल्स खायचा. मी सदाशिव पेठेतली. मासा खायला मला तिनेच शिकवलं, काटे काढायला मात्र मी अजून शिकले नाही.

मग तिच्या नवऱ्याची नोकरी गेली, दुसरी मिळेना, आणि नोकरीबरोबर इथे राहण्याचा पासही गेला. ऑक्टोबरच्या आत गाशा गुंडाळून पुण्याला परत जायचं ठरलं, सासू-सासऱ्यांच्या फ्लॅटमध्ये, कायमचं. "जाण्याआधी एकदा समुद्रकाठी बसून पोटभर मासे खायचेत," ती मला म्हणाली, "जिथे मला कुणी ओळखत नाही तिथे." जिथे कुणी ओळखत नाही तिथे जायचं, आणि बरोबर नणंद न्यायची, हे आमचं शहाणपण. नणंदेचा उत्साह तर उतू चालला होता. शहर तिनेच निवडलं, कुठल्या बारमध्ये काय खायचं तेही तिनेच शोधून ठेवलं.

ऑगस्टमधल्या सिंगापूरच्या नॅशनल डेला जोडून आलेली सुट्टी आम्ही पकडली. शनिवार-रविवारसाठी कुणी स्पेनला जातं का, असं माझा नवरा म्हणाला, पण मी ऐकलं नाही. शाळेचं वेळापत्रक पाहिलं, ऑफिसची रजा पाहिली, तिथलं हवामान पाहिलं. पंचांग तिघींपैकी एकीनेही पाहिलं नाही.

उतरल्यावर त्या दोघींनी फोन सुरू केले, तर त्यांच्या कुटुंबाच्या ग्रुपवर सेरंगूनवालीच्या सासूबाईंनी टाकलेला नागोबाचा फोटो आणि नागपंचमीच्या शुभेच्छा. बुकित बातोकवाली सामानाच्या पट्ट्यापाशी थबकली.

"अगं बाई, श्रावण लागला की."

"लागला तर लागला," मी म्हटलं. "तुला कधीपासून श्रावण?"

"या वर्षी मी काकूंना शब्द दिलाय. वहिनी, तुझ्या वतीनेही मी सांगून टाकलं होतं. तू आता तिथेच जाणार आहेस, तुझ्याच भल्यासाठी."

ही काकू म्हणजेच सेरंगूनवालीची सासू. आणि ही शब्द देणारी बाई गेल्या श्रावणात माझ्यासमोर बसून चिकन राइस खाऊन गेली होती. या वर्षीचा श्रावण लागलाय हे तर तिला आत्ता, पट्ट्यापाशी कळलं. मी हे सगळं तिथेच बोलून दाखवलं. सेरंगूनवालीने माझा दंड धरला आणि म्हणाली, "जाऊ दे ना. एक दिवस बघू."

त्या दिवशी आम्ही जुन्या गावातल्या एका बारमध्ये उभ्या होतो. काउंटरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताटं मांडलेली, पावाच्या कापावर खेकडा, कोळंबी, खारवलेला मासा. बुकित बातोकवालीने फर्मान काढलं की नागपंचमीला चिरलेलं काही खायचं नाही. आम्ही तिघी बायका अर्धी पृथ्वी ओलांडून तिथे गेलो आणि हाताने पाव मोडून ऑलिव्हबरोबर खाल्ला. मी खाल्ला, कारण सेरंगूनवाली खात होती आणि तिच्यासमोर खेकडा खायला मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तिथला तो प्रसिद्ध चीजकेक आला. त्यात अंडी असतात हे मी सांगितलं. "दिसत नाहीत ना," असं म्हणून बुकित बातोकवालीने दोन तुकडे संपवले. त्या वेळी ते ताट तिच्या डोक्यावर उपडं करावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेवटच्या दुपारी बंदरावरून चाललो होतो. धक्क्याला लागून एका खानावळीबाहेर निखाऱ्यांवर मासे भाजत होते. सेरंगूनवाली चालता चालता थांबली.

"तारली," ती म्हणाली.

तिच्या आईला बाजारात दुसरं काही परवडलं नाही की घरी तारली यायची, हे तिने मला पूर्वी सांगितलं होतं. वास घराबाहेर जायचा आणि शेजारच्यांना आपल्याकडचं जेवण कळायचं, याची तिला लहानपणी लाज वाटायची. आता ती त्या धुरात उभी राहून लांब श्वास घेत होती. मी कुणाला न विचारता एक प्लेट मागवली आणि तिच्यासमोर ठेवली.

"खा. आज कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही."

समोर बुकित बातोकवालीने फोन काढला. "वहिनी, इकडे बघ. मागे समुद्र छान येतोय. ग्रुपवर टाकते."

सेरंगूनवालीने प्लेट माझ्याकडे सरकवली. फोटो निघाला. तिने हात पुसले, पुन्हा प्लेट जवळ ओढली, आणि मला वाटलं आता खाईल. तिने एका तारलीची पाठ अंगठ्याने अलगद दाबली, मधला काटा शेपटीकडून सबंध उचलला आणि मऊ मांस माझ्यापुढे ठेवलं. मग दुसरी. मग तिसरी.

मी तेव्हा ओरडले. शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघत होती, पण मराठीत ओरडण्याची एक सोय असते. "तिची आहे ही सहल. तिने महिनाभर याच्याच गोष्टी केल्यात. तुला एक फोन खिशात ठेवता येत नाही?"

"मी काय तिचा हात धरलाय?" बुकित बातोकवाली शांतपणे म्हणाली. "खायचं असेल तर खाऊ दे की."

तिने खरंच हात धरला नव्हता. माझ्या संतापाला धरायला जागाच उरली नाही. मी ते मासे खाल्ले, कारण त्यांचे काटे तिने काढून दिले होते. चव काय होती ते मला सांगता येणार नाही.

सिंगापूरला परतल्यावर श्रावण संपला, गणपती येऊन गेले. तिच्या घरातलं सामान खोक्यांत गेलं होतं. मी तिला बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये बोलावलं, फक्त आम्ही दोघी. मी रांगेत उभी राहून दोन वाट्या फिश सूप आणलं. ती तोवर भात आणि परतलेली पालेभाजी घेऊन बसली होती.

"अगं, आता काय? नणंद नाही, सासू नाही, श्रावण नाही. कुणाला घाबरतेस?"

"घाबरत नाही गं. परत आल्यापासून सोडलंच आहे. इथेच सोडलं की तिथे जड जाणार नाही."

"नवऱ्याला सांग ना. महिन्यातून एकदा बाहेर जाऊन खायचं, त्यात काय?"

"तोच म्हणाला, आता नको."

मी चमचा आपटला. इतकी वर्षं शेजारी बसून नूडल्स खाणारा तो सज्जन माणूस, त्याच्याबद्दल मी तोंडाला येईल ते बोलले. मग तिच्याबद्दलही बोलले, तुला कणा नाही इथपर्यंत. ती पालेभाजी खात ऐकत होती. तिच्यापुढच्या वाटीतलं सूप निवत चाललं होतं.

"तुला माझा राग आलाय," ती म्हणाली.

"हो. सगळ्यांत जास्त तुझाच."

"येऊ दे," ती म्हणाली. "मला आता येतच नाही."