निळ्या वालांचं बिरडं

वालाला रंग होता. निळा. माझ्या दोन्ही हातांच्या बोटांना लागला होता, आणि त्या रविवारी जो भेटेल त्याला मी तो दाखवत होते. एकानंही विश्वास ठेवला नाही. सुनेनं नाही, मुलानं नाही, सख्ख्या भावानं तर नाहीच नाही. तुम्हीही म्हणाल, वालाला कोण कशाला रंग लावील? तेच सगळे म्हणाले. म्हणून आधीच सांगून ठेवते, मी खोटं बोलत नव्हते. रंग होता. पुढचं ऐका आणि मग काय हसायचं ते हसा. मी आता दमले.

आमची ओवी नऊ वर्षांची. शाळेत जात नाही, घरीच शिकते. शाळेत घातली नव्हती असं नाही. पण रोज सकाळी गणवेश अंगावर चढला की पोरगी उलटी करायची. दोन वर्षं मी ते गणवेश धुतले. शाळेत बोलायची नाही, वहीत एक ओळ लिहायची नाही. शेवटी माझी सून सायली म्हणाली, मी घरी शिकवते. माझा मुलगा महेश इथंच रोह्याजवळ धाटावला कंपनीत आहे. शिफ्ट करून आला होता, डोकं आधीच तापलेलं. म्हणाला, शाळेशिवाय माणूस अडाणी राहतो. मग मी मध्ये पडले. मी चौथी पास. चौथीनंतर मला कोणी शाळेत पाठवलं नाही, म्हणून मी अडाणी का रे, असं त्याला सरळ विचारलं. त्यानं ताट पुढं ओढलं. करतो काय? हो म्हणाला असता तर जेवला कुठं असता?

पण त्यानं एक अट घातली. वर्षभर बघू. तोपर्यंत पोरीनं आपल्या हातानं, कोणी न सांगता, काहीतरी लिहून दाखवलं तर ठीक. नाही तर जूनला पुन्हा शाळा. आणि बघता बघता वर्ष सरलं. एप्रिल आला. ओवी सगळं समजायची, पेन्सिल मात्र धरायची नाही.

अशी पोरं घरी शिकवणारी पेण-रोह्यात आणखी सहा घरं निघाली. त्यांचा फोनवर ग्रुप. सायलीनं मलाही त्यात घातलं, आणि पहिल्या आठवड्यातच तिला पस्तावा झाला असावा. कारण तिथं सल्ले सुरू झाले की मला राहवत नाही. कोणी लिहायचं, चपातीचे चार तुकडे करून पोराला अपूर्णांक शिकवा. आम्ही पाच भावंडं एका भाकरीवर अपूर्णांकच शिकलो, आणखी काय शिकलो? मला टाइप करायचा कंटाळा, मी बोलूनच पाठवते. पोर दूध पीत नाही, काय करू? ओरडू नका, भूक लागू द्या. उवा झाल्यात? सीताफळाच्या बियांची पूड लावा, डोळे सांभाळा. हळूहळू असं झालं की अभ्यासाचं पेणच्या शुभदाला विचारायचं आणि घरचं मला. शुभदा म्हणजे रामवाडीची. प्रत्येक गोष्टीचा तक्ता छापून त्याला प्लास्टिक मारते. तिच्या घरात तिचा नवरा तेवढा बिनप्लास्टिकचा उरलाय.

महिन्यातून एकदा सगळे एकाच्या घरी जमतात. पोरांनी काय केलं ते दाखवायचं आणि जेवायचं. एप्रिलची पाळी आमची होती. महेशनं मुद्दाम सुट्टी टाकली. याच दिवशी ठरवू, म्हणाला.

तर त्या आठवड्यात मी नेमकी पेणला, मुलीकडे. तिला ताप होता, बुधवारी गेले ते शनिवारी संध्याकाळी परत आले. तिथून सायलीला फोनवर सांगून ठेवलं की शुक्रवारी वाल भिजत घाल, रविवारी बिरडं करू. पाहुणे येणार आणि आमच्यात बिरडं नाही, असं होत नाही. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा आणि मग खोबरं, गूळ, आमसूल घालून शिजवायचं. सोलायला तास जातो, खायला दहा मिनिटं.

रविवारी सहाला उठले. सायली झोपलेली होती, म्हटलं झोपू दे, आठवडाभर एकटी राबली. चाळणीत वालांचं मोठं गाठोडं होतं, माझ्या सांगण्याप्रमाणे. आणि खिडकीत ओळीनं पाच लहान पुरचुंड्या. उघडून बघितल्या, त्यातही मोड आलेले वाल. मला सुनेचं कौतुक वाटलं. पाहुणे वाढले म्हणून पोरीनं जास्तीचे भिजवले, फडकं पुरलं नाही म्हणून लहान लहान बांधले. तुम्हाला दुसरं काय वाटलं असतं? कोकणातल्या बाईला खिडकीत मोड आलेले वाल दिसले तर ती त्यांची पूजा करील की बिरडं?

सगळे एका पातेल्यात ओतले आणि सोलायला बसले. चष्मा पेणला मुलीच्या फ्रिजवर राहिला होता. अर्ध्या तासानं बघते तर बोटं निळी.

डोक्यात तिडीक गेली. वाल माझ्या भावाच्या शेतातले. पांडुरंग, कुंडलिका नदीच्या पलीकडं राहतो. त्याच्याकडचे वाल मीच ग्रुपमधल्या चार घरांना दिले होते, माझ्या शब्दावर. आता हा दिसायला ताजे म्हणून रंग मारतो की काय? हात पुसले, फोन उचलला आणि ग्रुपवर बोलले. बायांनो, माझ्या भावाच्या वालाला रंग निघालाय, निळा. माझा भाऊ म्हणून मी झाकणार नाय. वापरायचेच असतील तर साल काढा आणि चार पाण्यातनं धुवा.

मी तेच केलं. टाकायचे कशाला? साल काढल्यावर आत वाल पांढरा स्वच्छ. चार पाण्यातनं धुतले, सालं परसात नारळाच्या बुंध्याशी टाकली आणि फोडणी दिली. बिरड्याला जरासा फेस आला. म्हटलं, नवा नारळ.

तेवढ्यात ग्रुपवर जत्रा भरली होती. शुभदानं लगेच त्याचा धडा केला, पोरांनो, पांढरा रुमाल ओला करा आणि घरातली सगळी कडधान्यं पुसून बघा. रामवाडीत एक पोरगं रुमाल घेऊन वाण्याच्या दुकानात शिरलं आणि त्याचे मूग पुसायला लागलं. वाण्यानं त्याच्या आईला बोलावून घेतलं. इकडं रोह्यातल्या रेहानाचा मला फोन. तिचा नवरा दुबईला, ती दोन मुलींना घरी शिकवते, स्वभावानं फार नीट.

"काकी, मी त्याच पोत्यातले वाल तीन पाण्यात घासले. काय बी नाय निघालं."

"मग तुझ्या वाट्याला बरे आले."

"काकी, चष्मा लावलाय ना?"

मी फोन ठेवला.

महेशनं बोटं बघितली आणि म्हणाला, ही शाई आहे. मी म्हटलं, मी काय पत्र लिहीत होते? सायली आंघोळीहून आली ती थेट पाहुण्यांच्या सतरंज्या आणायला शेजारी गेली, ओवीला बरोबर घेऊन. स्वयंपाकघरात फिरकलीच नाही. मीच सांगितलं होतं, आज स्वयंपाकाकडं बघू नको, मी समर्थ आहे.

पेणची मंडळी रस्त्याच्या कामात अडकली, पोचायला एक वाजला. त्यांच्या मागोमाग पांडुरंग. दुचाकीवर पुढ्यात वालांचं अख्खं पोतं घेऊन. अंगणातच पोतं टेकवलं आणि सगळ्यांसमोर मूठभर वाल माझ्या पदरात टाकले.

"ताय, घास. रंग निघंस्तवर घास."

मी घासले. नाही निघाला. मी म्हटलं, हे वेगळे आणलेस तू. त्यावर तो जे बोलला ते इथं सांगत नाही, पोरं होती. शेवटी रेहानानं त्याला हाताला धरून पानावर बसवला. पोरं भुकेली म्हणून आधी जेवणं उरकायचं ठरलं. पांडुरंग रागातच जेवला. तीनदा बिरडं घेतलं, प्रत्येक वेळी रागात. शुभदानं चव कशी आली म्हणून विचारलं, लिहूनही घेतलं. सगळ्यांनी वाटी चाटून पुसून खाल्ली, महेशनं सुद्धा.

जेवणं झाली. महेश म्हणाला, ओवी, काय दाखवतेस ते आण.

पोरगी उठली. वही घेतली आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ आली नाही. मग दारात येऊन उभी राहिली, हातात पाच रिकामी फडकी.

"आजी, माझे वाल कुठंयत?"

ती हे हळूच बोलली. पण मला वाटतं ते पार स्टेशनापर्यंत ऐकू गेलं असावं.

सायलीनं ती फडकी हातात घेतली. मग तिनं सांगितलं ते असं. गुरुवारी ओवीनं स्वतःच्या डोक्यानं पाच पाण्यांत वाल भिजवले होते. नळाचं, विहिरीचं, मिठाचं, चहाचं आणि साबणाचं. प्रत्येकात वीस. कुठल्या पाण्यात मोड कसे येतात ते बघायचं. पुढचं ओवीनं सांगितलं, ते सायलीलाही ठाऊक नव्हतं. वाल मिसळू नयेत म्हणून बापाचं कंपनीतलं बाटल्यांवर नंबर टाकायचं निळं पेन घेऊन प्रत्येक वालावर ठिपके दिले होते. नळाला एक, विहिरीला दोन, असं साबणाला पाच. बापाला रविवारीच दाखवायचं म्हणून आईखेरीज कोणाला काही बोलली नव्हती.

न पुसणारं पेन म्हणे. कोमट पाण्यात पुसतं. हे कंपनीला कळवायला हवं.

"साबणाचे पण?" शुभदानं विचारलं. आणि सगळे आपापल्या रिकाम्या वाटीकडं बघायला लागले. पांडुरंग सगळ्यात जास्त वेळ बघत होता.

मी लगेच कबूल झाले असं समजू नका. एवढी मी चांगली नाही. मी आधी शेजारच्या मांजराचं नाव घेतलं. मग म्हटलं पुरचुंड्यांवर नाव का लिहिलं नाही. मग सायलीला म्हटलं, वाल आणि वाल एकाच खोलीत ठेवतात का. मग महेशला, कंपनीतलं पेन घरी आणतोसच कशाला. बोलता बोलता माझंच मला ऐकू यायला लागलं आणि मी थांबले. पोरीनं वर्षभरात पहिल्यांदा काही स्वतःहून केलं होतं, ते मी आमसूल घालून वीसेक जणांना वाढलं होतं. जून समोर दिसायला लागला. गणवेश, आणि तो धुणारी मी.

मला वाटलं ओवी रडेल. ती रडली नाही. तिनं विचारलं, "सालं कुठं टाकलीस?"

नारळाखाली म्हटल्यावर ती वर्तमानपत्र घेऊन परसात गेली आणि उकिडवी बसून सालं वेचायला लागली. रेहानाच्या मुली तिच्याबरोबर बसल्या, मग बाकीची पोरं. एक ठिपका इकडं, दोन ठिपके तिकडं. काहींचे ठिपके धुऊन गेले होते, त्यांचा वेगळा ढीग. पांडुरंगही बसला, शेतकरी माणूस, तो साल बघून मोड सांगत होता. मी मदतीला वाकले तर पोरं म्हणाली, आजी, तू नको.

तासाभरानं ओवी ओट्यावर येऊन लिहायला बसली. खरोखर लिहायला. मान वर करत नव्हती. आम्ही सगळे अंगणात ताटकळत, जणू परीक्षा आमची होती. मध्येच तिनं मला हाक मारली.

"आजी, तुझं पूर्ण नाव काय गो?"

शुभदानं मघाशीच पोरांना सांगितलं होतं की ज्यांची मदत झाली त्यांची नावं शेवटी लिहायची. मला भरून आलं. म्हटलं, एवढं होऊनसुद्धा पोरीनं आजीला सोडलं नाही. मी नीट उभी राहून नाव सांगितलं, सावकाश, आणि वर म्हणाले, पुढं सौ. लाव, विसरू नको.

मग तिनं वही बापाला दिली. महेशनं मोठ्यानं वाचायला घेतलं. गुरुवारचं, शुक्रवारचं, शनिवारचं, कुठल्या पाण्यात किती मोड, तिरप्या अक्षरात पण सगळं तिचं. विहिरीच्या पाण्यात लवकर आले. साबणातल्या फक्त तिघांना आले. मग रविवार. "वाल नाहीत. सालं आहेत. वाल सर्वांनी खाल्ले. मामाआजोबांनी तीनदा खाल्ले. अजून कोणाला काही झालं नाही. उद्या परत विचारणे."

महेश वाचता वाचता थांबला. पान उलटून बघितलं, पुन्हा सुलटं केलं. पेन देताना त्यानंच कधीतरी तिला दाखवलं होतं, कंपनीत काही सांडलं-बिघडलं की कसा कागद भरतात. काय झालं, केव्हा झालं, कशामुळे झालं. पोरीनं शेवटी तसेच चौकोन आखले होते.

"आई," तो म्हणाला, "आमच्याकडं इंजिनियर पण इतका नीट नाय लिहीत." आणि मग सायलीकडं बघून, जूनचं राहू दे, एवढंच म्हणाला.

वही माझ्याकडं आली. चष्मा नव्हता, रेहानाचा लावला. शाळेच्या दाखल्यानंतर माझं नाव इतक्या सुवाच्य अक्षरात कोणी लिहिलं नव्हतं. सगळ्यात खालचा चौकोन. कशामुळे झालं : न विचारता बिरडं केल्यामुळे. जबाबदार व्यक्ती : सौ. सुलोचना बाळकृष्ण पाटील.